पोरीला असं कसं सोडतात?



सांगवीच्या बैठकीनंतर मोबाइलवर बर्फातल्या शर्यतीचा व्हिडिओ लावला, तेव्हा बहुतेकींचा प्रश्न एकच होता: "पोरीला असं कसं सोडतात?"

प्रश्न रास्त आहे. या शर्यतीला डाउनहिल म्हणतात. पायाला स्की, म्हणजे लांब पट्ट्या, लावायच्या आणि बर्फाच्या डोंगरावरून खाली सुटायचं. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बायकांची डाउनहिल १९४८ पासून आहे. २०१४ मध्ये रशियात सोचीला जवळपास ८०० मीटरचा उतार होता. आपला सिंहगड पायथ्यापासून साधारण तेवढाच उंच. चढताना आपला दम निघतो. त्या पोरी पावणेदोन मिनिटांच्या आत खाली! वेग सरासरी ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास.

पण "सोडतात" हे तितकंसं खरं नाही. शर्यतीआधी प्रत्येकीला सगळा मार्ग सावकाश बघू देतात: वळण कुठं, उडी कुठं, बर्फ काचेसारखा कुठं. मग सरावाच्या फेऱ्या. सरावात उतरलीच नाही, तर शर्यतीला उभं करत नाहीत. हेल्मेट सक्तीचं. धोक्याच्या वळणांना जाळ्या, जवळ डॉक्टर. हवा बिघडली तर शर्यत पुढे ढकलतात.

तरी धोका संपत नाही, हे लपवून उपयोग नाही. १९९४ मध्ये जर्मनीत ऑस्ट्रियाची उलरीके मायर अशाच शर्यतीत पडून गेली. तिला लहान मुलगी होती.

सोचीत गुडघ्याच्या कितीतरी शस्त्रक्रिया झालेली स्वित्झर्लंडची डोमिनिक गिसिन उतरली. मागून स्लोव्हेनियाची टीना माझे आली (आडनाव खरंच माझे!). दोघींची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सारखी. दोघींना सुवर्ण, आणि हात धरूनच दोघी वर चढल्या.

आपल्याकडे बर्फ नाही. पण मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर हिनं २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्लॅलम, म्हणजे वळणावळणाच्या स्की शर्यतीत, कांस्यपदक मिळवलं. स्कीमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक.

आता आपल्या लेकींचं. कबड्डी म्हटलं की घरातून आधी "नको" येतं. भीती मला कळते. पण "नको"च्या आधी शाळेत जाऊन विचारा: शिकवतं कोण? सराव किती दिवस? मॅट आहे की नुसती जमीन? लागलं तर दवाखान्यात कोण नेणार, गाडी कुणाची? बाहेरगावी संघासोबत बाई जाणार का? उत्तरं नीट मिळाली नाहीत तर पुढच्या बैठकीत सांगा. चौघीजणी मिळून मुख्याध्यापकांना भेटू, मी पण येते.