नऊशे एकसष्ट माळढोक

बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड कायमची जडते. पुस्तक कुठलंही असो, पानावर आकडा दिसला की डोळे तिथंच थबकतात. बेरीज बरोबर आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. कादंबऱ्या लिहायला लागलो तरी ही खोड गेली नाही.

काही वर्षांपूर्वी माळढोक पक्ष्याविषयी वाचत असताना असाच एका आकड्यापाशी अडकलो. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजानं १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत आपल्या नगर भागात ९६१ माळढोक मारले. साडेनऊशे नव्हे, 'हजारभर'ही नव्हे, ९६१. म्हणजे गृहस्थ वही ठेवत असणार. मधल्या काळात पेशवाई बुडाली, पण वही चालूच राहिली. वीस वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला अठ्ठेचाळीस आणि महिन्याला चार, म्हणजे दर रविवारी एक, असा हिशेब येतो.

आज साऱ्या देशात मिळून रानात दीडशेच्या आतबाहेर माळढोक उरले असावेत, असे अंदाज आहेत. त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला आहेत. एका माणसानं हौसेखातर जेवढे मारले, त्याच्या सहाव्या हिश्शाएवढेही नाहीत. ज्या नगर-सोलापूरच्या माळांवर ही वही भरली, तिथं आता एखादा पक्षी दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

एवढं वाचून साहेबाच्या नावानं बोटं मोडायची आणि पान उलटायचं, असंच कुणीही करील. मीही केलं असतं. पण माझी अडचण अशी की मी माळढोक खाल्ला आहे.

माझं गाव सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्याच्या बाजूला. मोठ्या काकांकडे दुनळी बंदूक होती, परवाना होता. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता. त्यात शिकारीला बंदी नव्हती, पण शिस्त होती. काकांची स्वतःची शिस्त त्याहून कडक. मृगापासून दसऱ्यापर्यंत बंदूक खुंटीवर. मादीवर बार टाकायचा नाही. पाणवठ्यावर बसून जनावर मारायचं नाही. काडतुसं महाग, म्हणून किती आणली, किती उडवली, काय मिळालं, हे सगळं ते एका जुन्या डायरीत लिहीत. बहुतेक नोंदी तित्तर, लावे आणि सशांच्या. कधीमधी एखादा काळवीट. शिकार मिळाली की वाटे पडत. हाक्याला आलेल्या प्रत्येकाचा वाटा घरपोच जाई. आजी मात्र ते मटण घरातल्या चुलीवर चढू देत नसे. परड्यात तीन दगड मांडायचे, वेगळं पातेलं, वेगळा कालथा.

काकांना रान माहीत होतं. कुठल्या खाचरात तित्तर अंडी घालतात, कुठला कळप कुठल्या वाटेनं पाण्यावर येतो, हे त्यांना ठाऊक. शेजारच्या गावचा एक जण मार्च महिन्यात माळाचं गवत पेटवू लागला तेव्हा काका त्याच्या अंगावर धावून गेल्याचं मला आठवतं. 'गवत जाळशील तर पाखरू कुठं राहील?' पाखरू राहावं हा त्यांचा स्वार्थच होता; राहिलं तर पुढच्या हंगामात मिळणार. पण त्या स्वार्थापोटी का होईना, तो माळ कुणीतरी आपला मानत होतं.

अशी काकांसारखी माणसं फक्त आमच्याच गावात होती असं नाही. मोठ्या प्रमाणावर हेच संस्थानिकांनी केलं. राधानगरी-दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या महाराजांचं राखीव शिकारीचं रान होतं. दुसऱ्या कुणाला तिथं कुऱ्हाड लावायची छाती नव्हती. म्हणून जंगल राहिलं, गवे राहिले आणि १९५८ साली तिथंच महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं. राजस्थानात भरतपूरला दगडी पाट्यांवर शिकारीचे आकडे कोरून ठेवले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोच्या पार्टीनं तिथं ४२७३ पक्षी पाडले. वाचून अंगावर काटा येतो. पण बदकं यावीत म्हणून महाराजांनी बांधबंदिस्ती करून राखलेली ती पाणथळ जागाच पुढं राष्ट्रीय उद्यान झाली, १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरली. महाराजांना शिकारीची हौस नसती, तर तिथं कदाचित आज मोहरीची शेतं असती. ही गोष्ट आपल्याला आवडो न आवडो, जमेच्या बाजूला लिहावीच लागते.

आता त्या माळढोकाविषयी. १९६८ ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी आठ-नऊ वर्षांचा. तालुक्याहून एक बडे अधिकारी जीपमधून आले. सोबत त्यांचे मुंबईचे पाहुणे. पाहुण्यांना 'मोठं काहीतरी' हवं होतं. काकांची एक जमिनीची भानगड त्याच अधिकाऱ्यांच्या टेबलावर पडून होती, हे मला फार पुढं कळलं. काका आधी म्हणाले, 'सायेब, काळवीट दाखवतो.' पण जीप माळावर चढली आणि समोर दोन माळढोक चरत होते. माळढोक माणसाला दुरून ओळखतो, जवळ येऊ देत नाही. पण बैलगाडीला आणि जीपला तो फारसा बिचकत नाही, आणि तिथंच त्याचा घात होतो. पाहुण्यांचा नेम चुकला. मग साहेबांनी काकांकडे नुसतं पाहिलं.

संध्याकाळी परड्यात तीन दगडांवर पातेलं चढलं. दहा-बारा किलोचा पक्षी. अर्धा जीपमधून गेला, उरलेला आम्ही खाल्ला. चव मला आठवत नाही. काका जेवले नाहीत, हे आठवतं. पुढं ते वारल्यावर त्यांची डायरी माझ्याकडे आली. त्या महिन्याच्या पानावर तित्तर आहेत, एक ससा आहे, काडतुसांचा हिशेब आहे. वापरलेली काडतुसं लिहिलेल्या शिकारीपेक्षा एकानं जास्त भरतात. अशी तफावत काढणं हा माझा पुढचा धंदाच झाला, म्हणून ती मला लगेच दिसली.

माळढोकाची मादी एका विणीला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. गाय तुडवील, कुत्रं पळवील, कोल्हा खाईल. इतक्या सावकाश चालणाऱ्या वंशातून एक पक्षी कमी होणं ही किरकोळ रक्कम नसते. ती मुद्दलातून केलेली उचल असते.

शिकारीच्या बाजूनं आजही एक जुना युक्तिवाद ऐकू येतो, आणि तो अगदी पोकळ नाही. नियम लावा, मोजून परवाने द्या, पैसे घ्या, ते गावाला द्या. गावच जनावर राखील. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानच्या डोंगरांत मारखोर नावाचा पिळदार शिंगांचा रानबोकड आहे. दरवर्षी त्यातल्या मोजक्या नरांच्या शिकारीचा लिलाव होतो, परदेशी श्रीमंत येतात, आणि फीचे ऐंशी टक्के त्या खोऱ्यातल्या गावांना मिळतात. गावकरीच चोरट्या शिकाऱ्यांवर नजर ठेवू लागले. मारखोर वाढले, २०१५ मध्ये त्यांना 'धोक्यात आलेल्या' प्राण्यांच्या वर्गातून सौम्य वर्गात हलवलं गेलं. बँकवाला म्हणून मला ही योजना पटते. व्याज खा, मुद्दलाला हात लावू नका.

पण ही योजना आपल्या माळावर आणण्याचा विचार केला की मला काका दिसतात. नियम पाळणारा, रान जाणणारा, हिशेब लिहिणारा माणूस. त्याचे सगळे नियम वर्षानुवर्षं टिकले आणि एका साहेबाच्या नजरेपुढं पडले. अशी जीप फक्त आमच्याच गावात आली असेल, असं मला वाटत नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुष्कळांना वाटतं, त्या दिवशी शिकार संपली. तसं नाही. त्या कायद्यातही सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीला परवाने देण्याची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीनं गेली. काकांनी मात्र ७२ सालीच बंदूक खुंटीवरून उतरवून पेटीत ठेवली. त्या वर्षी दुष्काळच असा होता की माळावर मारण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

आता वाचक म्हणतील, बंदी आली, प्रश्न मिटला. इथून पुढची हकीकत माझ्या नोकरीतली.

१९८० च्या दशकात मी कर्जत तालुक्याच्या बाजूला एका शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. जवळच रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांचं अभयारण्य झालं. दोन चौरस किलोमीटरच्या थोडंसं वर, एवढंच. काळवीट वाढले ही आनंदाची गोष्ट. पण दोन चौरस किलोमीटरची हद्द काळविटाला कोण समजावणार? तो रात्री ज्वारीत उतरे. एका वसुलीच्या फेरीत एका शेतकऱ्यानं मला बांधावर नेऊन शेंडे खुडलेलं रान दाखवलं आणि म्हणाला, 'सायेब, हरणं सरकारची, जुंधळा माझा आन् हप्ता तुमचा. आता तुमी तिघांनी बसून काय त्ये ठरवा.' तिघांतला तिसरा तो स्वतःच होता. पण ठरवण्याच्या बैठकीत आपल्याला कुणी बोलावणार नाही, हे त्यानं बोलण्यातच गृहीत धरलं होतं.

थकबाकीच्या तक्त्यात कारणाचा रकाना असे. अवर्षण, गारपीट, कीड, सगळ्याला जागा होती. हरणाला नव्हती. मी 'इतर' या रकान्यात 'काळवीट' असं लिहिलं. तपासणीत साहेबांनी त्यावर लाल शेरा मारला: 'खुलासा करावा.' आजतागायत केलेला नाही.

त्याच भागात माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं होतं. ८४९६ चौरस किलोमीटर, गोव्याच्या दुपटीहून मोठं. त्यात गावं, बाजारपेठा, उसाची शेतं, सगळं आलं. जमिनीच्या खरेदी-विक्रीची कामं अडकू लागली. मुलीचं लग्न काढलेला बाप माझ्यापुढं बसून त्या पक्ष्याला शिव्या देई. त्यानं जन्मात माळढोक पाहिलेला नसे. पुढं ते क्षेत्र कमी करून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं, पण तोवर माळढोक म्हणजे सरकारी बालंट, अशी त्याची कीर्ती होऊन बसली होती. पक्षी वाचवायचा असेल तर तो ज्याच्या रानात अंडं घालतो त्याला शत्रू करून चालत नाही, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही.

आज तोच तिढा रानडुकरं आणि रोही यांच्या बाबतीत आहे. २०१६ च्या जूनमध्ये बिहारमधल्या मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज बोलावून अडीचशेच्या आसपास रोही मारले गेले. दिल्लीत मंत्र्यामंत्र्यांत जुंपली. महाराष्ट्रातही पिकात घुसणाऱ्या डुकरांना आणि रोह्यांना अटी घालून मारण्याची तरतूद आहे. पण परवानगीचा कागद हलेपर्यंत भुईमूग संपलेला असतो. मग शेतकरी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. या तारेला नर-मादी कळत नाही, हंगाम कळत नाही. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले आहेत, माणसंही. काकांच्या दुनळीनं मरणाऱ्या जनावराची निदान डायरीत नोंद होई. तारेनं मेलेलं जनावर रातोरात पुरलं जातं.

मला हौसेची शिकार परत यायला नको आहे. पण पुण्या-मुंबईच्या सदनिकेत बसून 'एकाही रानडुकराला हात लावू नका' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. डुक्कर माळढोक नाही. ते भराभर वाढतं, तिथं मोजून, वन खात्याच्या नजरेखाली बंदूक चालली तर मला वावगं वाटत नाही. ती तारेपेक्षा केव्हाही बरी. आणि काळविटानं खाल्लेल्या ज्वारीचे पैसे पुढची पेरणी येण्याआधी हातात पडले पाहिजेत. कर्जाचं व्याज आम्ही एक दिवस सोडत नव्हतो. भरपाईला मात्र वर्ष लागलं तरी चालतं, हे कुठलं शास्त्र?

एक गोष्ट मात्र मनाला उभारी देते. वाशीम-अकोल्याच्या बाजूला फासेपारधी समाजातले लोक तणमोर या माळढोकाच्या धाकट्या भावंडाचं गवत राखण्याच्या कामात आले आहेत. इंग्रजांनी १८७१ पासून एकेका जमातीला जन्मजात गुन्हेगार ठरवणारा जो कायदा केला, त्याचा शिक्का पारध्यांवरही बसला. पिढ्यान्‌पिढ्या फास लावून पाखरं धरणारे हात. पाखराचं घरटं कुठं असेल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? काकांच्या हाक्यातही एक पारधी असे. त्याचा वाटा घरपोच जाई, पण साहेबांच्या जीपमध्ये त्याला कधी जागा मिळाली नाही.

गेल्या हिवाळ्यात सोलापूरहून बार्शी रस्त्यानं नान्नजला गेलो होतो. गवत कमरेएवढं, सोनेरी. मनोऱ्यावरून काळविटांचे दोन कळप दिसले. दूर क्षितिजाशी विजेचे खांब. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, जड शरीर झटकन वळवता येत नाही आणि तो अशा तारांवर आदळून मरतो. राजस्थानात तर आता हेच मोठं मरण आहे. दोन तास बसलो. वनरक्षक तरुण मुलगा होता, तोही दुर्बीण फिरवत राहिला.

निघताना त्यानं नोंदवही पुढं केली. नाव, गाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहिली. शेवटी 'दिसलेले प्राणी व पक्षी' असा रकाना होता. काळवीट सव्वीस, तित्तर चार, भोवत्या ससाणा एक, असं मी लिहिलं. माळढोकासाठी वेगळी ओळ आखलेली होती. ती त्या मुलानं स्वतःच्या हातानं भरली: 'निरंक'. वरच्या पानांवरही त्याचंच अक्षर होतं.