फिनिक्सची रात्र का निवत नाही?

‘वाळवंटात दिवसा होरपळ आणि रात्री कुडकुड, असं आम्ही भूगोलात पाठ केलं. मग अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात नोकरीला गेलेला माझा भाचा रात्री अकरालाही घराची भिंत गरम लागते असं का सांगतो?’ हा प्रश्न आला आहे नागपूरहून, म्हणजे उन्हाळ्यातलं ज्यांना कळतं अशा गावाहून. भाचा तिखटमीठ लावत नाहीये, आणि भूगोलाचं पुस्तकही खोटं नव्हतं. दोघांच्या मध्ये एक शहर येऊन बसलं आहे, एवढंच.

२०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्स जगभरच्या बातम्यांत होतं. ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस तिथलं कमाल तापमान ४३.३ अंशांच्या खाली आलं नाही. (हा अपूर्णांक विचित्र वाटेल, अमेरिकी फॅरनहाइटमध्ये तो चांगला गोल ११० होतो.) मथळे या दुपारच्या आकड्यांचे झाले. मला मात्र १९ जुलैचा आकडा दचकवतो. त्या दिवशी तिथलं किमान तापमान होतं ३६.१ अंश. किमान! चोवीस तासांत हवा याहून थंड झालीच नाही. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ च्या आसपास असतं. म्हणजे पहाटेची हवासुद्धा अंगाकडून उष्णता घेण्याऐवजी अंगाला देत होती.

वाळवंट रात्री गार का होतं, ते आधी पाहू. तापलेली जमीन रात्रभर अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता आकाशात सोडत असते. हवेतली वाफ आणि ढग ती अडवतात. वाळवंटात दोन्हींचा दुष्काळ, त्यामुळे उष्णता थेट अवकाशात निघून जाते. शिवाय कोरडी, सैल वाळू उष्णता खोलवर मुरू देत नाही. वरचा थर तापतो लवकर आणि निवतोही लवकर.

आता या वाळूवर डांबर, काँक्रीट आणि विटा पसरा. काय होतं, ते गोव्यातल्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, जुनी लाकडाची भट्टी पाहिली असेल तर चटकन कळेल. या भट्टीत पाव जाळावर भाजत नाहीत. आधी आत लाकडं पेटवून घुमट आणि तळ तापवायचे. मग निखारे बाजूला सारायचे, तळ साफ करायचा आणि तोंड लावून घ्यायचं. आग संपलेली असते, पण विटांनी पोटात साठवलेली धग पुढे कितीतरी वेळ पावाचे घाणे काढून देते. पोदेराचं सगळं कसब या उरलेल्या धगीचा अंदाज घेण्यात असतं. फिनिक्समध्ये सूर्य दिवसभर लाकडं जाळतो आणि संध्याकाळी निघून जातो. भाजण्याचं काम तिथून पुढे सुरू होतं. भट्टी जितकी जाड आणि मोठी, तितकी ती उशिरा निवते.

आणि ही भट्टी मोठी म्हणजे किती? १९५० मध्ये फिनिक्स सुमारे ४५ चौरस किलोमीटरचं, लाखभर वस्तीचं गाव होतं. आज एकट्या फिनिक्स महापालिकेची हद्द १,३०० चौरस किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून अधिक. तिथे राहणारी माणसं मात्र सोळा लाखांच्या आसपास. बैठी घरं, रुंद रस्ते आणि प्रत्येक कामाला मोटार. या महानगर परिसरात दर खासगी गाडीमागे चारहून अधिक पार्किंगच्या जागा आहेत, असं एका पाहणीत आढळलं. गाडी एका वेळी एकाच जागी उभी राहते. उरलेलं डांबर नुसतं ऊन पीत पडलेलं असतं. जुलैच्या दुपारी ते ६५-७० अंशांवर जातं. त्यावर तोल जाऊन पडलेली, पटकन उठू न शकलेली माणसं दर उन्हाळ्यात भाजलेल्यांच्या वॉर्डात दाखल होतात. इथे पूर्वी कापसाची शेतं आणि संत्र्या-लिंबांच्या बागा होत्या, त्या बाष्पीभवनाने हवा गार ठेवत. (शाळेतली मुलं आजही अ‍ॅरिझोनाच्या वैभवाचे पाच ‘सी’ पाठ करतात: कॉपर, कॅटल, कॉटन, सिट्रस आणि क्लायमेट! एके काळी इथलं हवामान हा विकायचा माल होता.) विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरीकरणामुळे मध्य फिनिक्सचं रात्रीचं किमान तापमान सुमारे ५ अंशांनी वाढलं, असा एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. चोवीस तासांची सरासरी मात्र तीनच अंशांनी वाढली. चोरी झाली ती रात्रीची.

ही चोरी पहिल्यांदा पकडली ती दोनशे वर्षांपूर्वी, आणि तीही थंड, धुकट लंडनमध्ये. ल्यूक हॉवर्ड हा पेशाने औषधं बनवणारा. त्याच्या घराण्याचा कारखाना पुढे क्विनाइनसाठी नावाजला. आकाशाकडे पाहण्याचा नाद असलेल्या या माणसाने १८०२ मध्ये ढगांना सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं दिली. त्यावर खूश होऊन थोर जर्मन कवी ग्यॉथेने त्याच्या गौरवार्थ कविता लिहिल्या. झालं, हॉवर्ड म्हणजे ढगवाला, हा शिक्का कायमचा बसला. पण त्याचं खरं मोठं काम मला वेगळंच वाटतं. शहराबाहेरच्या आपल्या नोंदी तो वर्षानुवर्षं रॉयल सोसायटीच्या लंडनमधल्या तापमापकाशी ताडून पाहत राहिला. १८१८ ते १८२० च्या दरम्यान ‘लंडनचं हवामान’ या ग्रंथात त्याने निष्कर्ष मांडला: शहराची रात्र खेड्याच्या रात्रीपेक्षा सरासरी दोन अंश सेल्सियसने गरम असते, आणि दिवस उलट किंचित गार! कारणंही त्याने बरोबर ताडली होती. घराघरांतल्या शेगड्या, एकमेकांकडे उष्णता फेकणाऱ्या भिंती, अडलेला वारा, आणि बाष्पीभवनाला न उरलेली ओल. हाताशी ना उपग्रह, ना संगणक, ना कुणाचं अनुदान. आज फिनिक्समध्येही हेच दिसतं. भर दुपारी शहर आणि भोवतालचं उघडं वाळवंट यांत फारसा फरक नसतो, हिरवळ राखलेल्या वस्त्या तर वाळवंटापेक्षा गार असतात. खरी तफावत सूर्यास्तानंतर उघडी पडते.

हॉवर्डच्या शेगड्यांची जागा आता एसीने घेतली आहे. एसी उष्णता नष्ट करत नाही, घरातली उचलून गल्लीत टाकतो, वर स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालतो. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की, यामुळे फिनिक्सच्या काही भागांत रात्रीची हवा एक अंशाहून जास्त तापते. दिवसा हवा उंचापर्यंत घुसळली जात असल्याने ही भर जाणवत नाही. रात्री ती जमिनीलगत साचून राहते. मग शेजारचा एसी आणखी जोरात चालतो.

‘पण ती कोरडी उष्णता ना, मुंबईसारखी चिकचिक नाही!’ हे तिथले लोक अभिमानाने सांगतात. कोरड्या हवेत घाम झटकन उडतो आणि शरीर गार राहतं, हे खरंच. पण घाम दिसत नाही म्हणून किती पाणी गेलं तेही कळत नाही. आणि रात्री शरीराला, विशेषतः हृदयाला जी उसंत हवी असते, ती ३५-३६ अंशांत मिळत नाही. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथे २०२३ मध्ये ६४५ मृत्यू उष्णतेशी संबंधित ठरले. त्यांतले जवळपास निम्मे बेघर होते. घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, पण चालू नव्हता. थकबाकीपायी वीज तोडल्यावर एका वृद्धेचा मृत्यू झाला, तेव्हा कुठे २०१९ पासून राज्यात भर उन्हाळ्यात वीज तोडण्यावर निर्बंध आले. उष्णतेच्या लाटेतच मोठा वीजपुरवठा कोलमडला तर काय होईल, याचं संगणकी गणित २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात एकट्या फिनिक्समध्ये सुमारे १२,८०० मृत्यूंचा अंदाज आहे.

माणसाचं सोडा, तिथला भूमिपुत्र असलेला सॅवारो निवडुंगही हरला. दीड-दोनशे वर्षं जगणारी ही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा पर्णरंध्रं मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड घेते. २०२३ च्या जुलैत फिनिक्सच्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमधल्या सॅवारोंच्या फांद्या गळून पडल्या, काही अख्खे कोसळले. ऊन त्यांनी शतकभर सोसलं होतं. गरम रात्री सोसवल्या नाहीत.

उपायांची जाहिरात जोरात आहे. २०२० पासून फिनिक्सने काही रस्त्यांवर ऊन परतवणारा फिकट लेप दिला. ‘रस्ता सहा अंशांनी गार’ अशा बातम्या आल्या, आणि त्या खऱ्याच होत्या. पण आरियान मिडेल या संशोधिकेने बागकामाच्या गाड्यावर उपकरणं लादून ‘मार्टी’ नावाचं फिरतं यंत्र बनवलं आहे. चालणाऱ्या माणसाच्या अंगावर चहूबाजूंनी किती उष्णता पडते, हे ते मोजतं. त्यातून दिसलं की, दुपारी या रस्त्यावरून चालणाऱ्याला उलट तीन अंशांची जास्त झळ बसते, कारण परतवलेलं ऊन त्याच्याच अंगावर येतं. रात्रीची हवा गार झाली ती जेमतेमच. रस्त्याला काय वाटतं ते मोजायचं की माणसाला, हे आधी ठरवायला हवं.

झाडं हा जुनाच, खात्रीचा उपाय. दुपारची सावली डांबराला मुळात तापूच देत नाही. पण वाळवंटात झाड म्हणजे पाणी, आणि इथलं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीतून ५४१ किलोमीटरच्या कालव्याने, पंपांनी शेकडो मीटर उचलून येतं. २०२१ मध्ये या नदीवर इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली. तेव्हा हिरवळीचे लाड सोडून मेस्किटसारखी, आपल्या वेड्या बाभळीच्या गोतातली काटक झाडं लावणं, आणि निम्मी पार्किंगं उखडणं, हाच शहाणपणा. 

नागपूरकरांनो, फिनिक्स दूर आहे, पण सिमेंटचे रस्ते आणि स्लॅबची घरं आपल्याकडेही वाढत आहेत. चाळीस अंशांवरच्या दिवसानंतर किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त राहिलं, तर आपलं हवामान खातं ‘उष्ण रात्र’ जाहीर करतं. ते इशारे गांभीर्याने घ्या. एप्रिल-मेमध्ये पेपरातला कमालचा आकडा वाचून झाला की, शेजारचा किमानही वाचा. तो चढा असेल त्या रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गच्चीच्या स्लॅबखालच्या खोलीत झोपवू नका.