पाण्याचे वावडे

पाण्याला आपल्या भाषेत ‘जीवन’ असेही एक नाव आहे. तहानेने व्याकुळ झालेला वाटसरू, मृगाच्या सरींची वाट पाहणारा शेतकरी, दिवसभर उन्हातान्हात राबून संध्याकाळी अंगावर चार तांबे ओतून घेणारा श्रमिक, यांना या नावाची थोरवी निराळी सांगावयास नको. आपल्या शरीराच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भागही पाण्याचाच असतो. अशा या पाण्याचेच एखाद्याच्या त्वचेला वावडे असू शकेल काय? ही गोष्ट ऐकून नवल वाटेल. परंतु अशी काही थोडी माणसे जगात खरोखरच आहेत.

या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘ॲक्वाजेनिक अर्टिकेरिया’ असे म्हणतात. आपण ज्याला ‘अंगावर पित्त उठणे’ म्हणतो, त्याचाच हा एक अत्यंत विरळा प्रकार होय. त्वचेला पाणी लागल्यावर बहुधा अर्ध्या तासाच्या आत मान, छाती, पाठ, दंड या भागांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक गांधी उठतात. त्यांच्याभोवती लाली पसरते आणि अंगाला विलक्षण खाज सुटते. अंग कोरडे केल्यानंतर अर्ध्या-एक तासात हे सारे मावळते व त्वचा पूर्ववत दिसू लागते.

पाणी थंड असो की ऊन, विहिरीचे असो की पावसाचे, परिणाम एकच. फार काय, स्वतःच्या घामाने आणि अश्रूंनीदेखील काही रुग्णांच्या अंगावर गांधी उठतात. दुःखाने रडावे, तर त्या रडण्याचेही दुःख व्हावे, अशी त्यांची अवस्था असते! तथापि, यांपैकी बहुतेकांना पाणी पिण्याची मात्र बाधा होत नाही, हे त्यातल्या त्यात सुदैव म्हणावयाचे.

हा विकार पुष्कळदा बालपण सरून तारुण्य सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयात, प्रथम प्रकट होतो; आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये तो अधिक आढळतो. आता अशी कल्पना करा, की एखादी मुलगी ‘मला स्नान सोसत नाही’ असे घरी सांगते. तिचे म्हणणे कोण खरे मानील? कोणी तिला आळशी म्हणेल, कोणी ढोंगी म्हणेल. वैद्याकडे नेईपर्यंत गांधी मावळून गेलेल्या असतात; म्हणजे दाखवावयास पुरावाही उरत नाही. आजाराची व्यथा आणि अविश्वासाची व्यथा, अशा दोन व्यथा तिला एकाच वेळी सोसाव्या लागतात.

वैद्याची परीक्षा मात्र साधी असते. शरीराच्या उष्णतेहून किंचित कमी उष्ण, सुमारे ३५ अंश सेल्सिअस पाण्यात भिजवलेली घडी रुग्णाच्या छातीवर वा पाठीवर २० ते ३० मिनिटे ठेवतात आणि गांधी उठतात की नाही, ते पाहतात. थंडीने, उष्णतेने वा व्यायामानेही काहींच्या अंगावर पित्त उठते. म्हणून ती कारणे नाहीत ना, याचीही खात्री निराळ्या परीक्षांनी करून घ्यावी लागते.

असे का घडते? शेली आणि रॉन्सली या अमेरिकेतील दोन वैद्यांनी १९६४ साली या विकाराचे प्रथम वर्णन केले. त्वचेवरील नैसर्गिक तेलकट द्रव्याशी पाण्याचा संयोग होऊन एखादा त्रासदायक पदार्थ तयार होत असावा आणि त्यामुळे त्वचेतील पेशींतून ‘हिस्टामिन’ नावाचे द्रव्य बाहेर पडून गांधी उठत असाव्यात, असा त्यांचा तर्क होता. परंतु पुढे काही रुग्णांच्या त्वचेवरील तेलकटपणा काढून टाकला असता गांधी कमी होण्याऐवजी वाढल्याच! मग त्वचेच्या वरच्या थरातीलच एखादा पदार्थ पाण्यात विरघळून आत झिरपत असावा, असा दुसरा तर्क पुढे आला. काही रुग्णांच्या रक्तात हिस्टामिन वाढलेले आढळते, तर काहींच्या रक्तात ते वाढलेले आढळत नाही. अशा रीतीने एक कोडे सोडवावे, तो दुसरे पुढे उभे राहते. खरे कारण अद्यापि उलगडलेले नाही.

कारण कळले नाही, म्हणून वैद्य स्वस्थ बसलेले नाहीत. हिस्टामिनचा प्रभाव रोखणारी औषधे ते देतात. स्नानापूर्वी अंगाला स्निग्ध मलम लावावयास सांगतात, म्हणजे त्वचा आणि पाणी यांच्यामध्ये एक आडपडदा तयार होतो. काही रुग्णांना अतिनील किरणांच्या उपचारानेही आराम पडतो. सर्वांनाच पूर्ण गुण येतो असे नाही. पण पुष्कळांचे जिणे त्यामुळे सुसह्य होते.

मुलांनो, या विरळ्या विकाराची ओळख करून घेण्याचे प्रयोजन एवढेच नव्हे, की एक नवलाची गोष्ट तुम्हांस कळावी. ज्याचे कारण सांगता येत नाही, ते खोटेच असले पाहिजे, असे मानण्याची घाई मनुष्य नेहमी करतो. शेली आणि रॉन्सली यांच्यापाशी या विकाराचे निश्चित उत्तर नव्हते. तरीही त्यांनी रुग्णांचे म्हणणे ऐकून घेतले, डोळ्यांनी पाहिले व जसे दिसले तसे नोंदवून ठेवले. आपणांपैकी प्रत्येकजण काही वैद्य होणार नाही. परंतु उद्या आपल्या शेजारच्या बाकावरील सोबत्याने आपली एखादी अजब व्यथा सांगितली, तर हसण्यापूर्वी ती नीट ऐकून घेणे हे तर आपणां सर्वांच्या हाती आहे.