सुखाचा हिशेब (लेखांक ५) : लॉटरी लागल्यानंतर

मागच्या लेखांकात श्रीमंत आणि गरीब देशांच्या सुखाची तुलना पाहिली. त्या तुलनेत एक अडचण राहून गेली होती. श्रीमंत माणूस पैशामुळे समाधानी आहे, की मुळात आनंदी, निरोगी आणि चार माणसांशी जुळवून घेणारा असल्यामुळे त्याच्याकडे पैसा आला, हे अशा आकड्यांतून कळत नाही. ‘हवं ते सगळं मिळालं तर माणूस कायमचा सुखी होईल का’ हा प्रश्न नीट तपासायचा, तर एकसारख्या माणसांचे दोन गट करून, चिठ्ठ्या काढून, एका गटाच्या पदरात संपत्ती टाकावी लागेल. कोणतंही विद्यापीठ एवढा खर्च करणार नाही. लॉटऱ्या मात्र हेच काम नेमाने करत असतात, आणि तेही तिकीट घेणाऱ्यांच्याच पैशाने. म्हणून सुखाच्या संशोधनात लॉटरीच्या विजेत्यांना फार मान आहे.

यातला सर्वांत गाजलेला अभ्यास १९७८चा. फिलिप ब्रिकमन, डॅन कोट्स आणि रॉनी जॅनॉफ-बुलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी बक्षिसं मिळालेल्या २२ जणांना गाठलं. बक्षिसं ५० हजार डॉलरपासून १० लाखांपर्यंतची होती. सात जणांना तर पूर्ण १० लाख मिळाले होते. तुलनेसाठी त्याच भागातले, लॉटरी न लागलेले २२ जण घेतले आणि अपघातात शरीर लुळं पडलेले २९ जण. सध्या किती सुखी आहात, हे सगळ्यांना शून्य ते पाच या पट्टीवर विचारलं. विजेत्यांची सरासरी आली ४.००, लॉटरी न लागलेल्यांची ३.८२. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पण खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात होती. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, टीव्ही, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक अशा रोजच्या बारीकसारीक गोष्टींतून किती आनंद मिळतो, असं विचारल्यावर विजेत्यांची सरासरी ३.३३ वर उतरली. लॉटरी न लागलेल्यांची इथेही ३.८२ होती. संशोधकांचा अर्थ असा की, एकदा मोठा आनंद अनुभवला की त्याच्या शेजारी न्याहारीचा आनंद फिका वाटतो, आणि त्या मोठ्या आनंदाचीही हळूहळू सवय होऊन जाते. माणूस कितीही पुढे गेला तरी सुखाच्या बाबतीत जागच्या जागी धावत राहतो, ही कल्पना ब्रिकमन यांनी डोनाल्ड कॅम्बेल यांच्याबरोबर १९७१मध्येच मांडली होती. तिला आता पुरावा मिळाला.

हा अभ्यास इतका लोकप्रिय झाला की त्याची दंतकथा झाली. लॉटरी लागलेला आणि अपंग झालेला, दोघंही वर्षभरात सारखेच सुखी होतात, असं अनेक भाषणांत आणि पुस्तकांत ठोकून दिलं जातं. मूळ निबंधात असं काहीही नाही. अपघातग्रस्तांची सरासरी २.९६ होती, म्हणजे इतरांपेक्षा स्पष्टपणे खाली. अपेक्षेइतके ते खचले नव्हते, एवढंच तिथे म्हटलं आहे. शिवाय २२ जण म्हणजे एका एसटीतही रिकाम्या जागा उरतील एवढी माणसं, आणि त्यांना विचारलंही एकदाच, बक्षीस लागून दीड वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा. एवढ्या तुटपुंज्या आधारावर ‘काहीही मिळालं तरी शेवटी सगळं सारखंच’ असा सिद्धान्त उभा करणं धाडसाचं आहे. तो इतका पटतो याचं कारण, माझ्या मते, पुराव्यात कमी आणि आपल्या मनात जास्त आहे. ज्याला मिळालं तो काही आपल्यापेक्षा सुखी नाही, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

पुढे स्वीडनमध्ये हाच प्रश्न बऱ्याच चांगल्या पद्धतीने तपासला गेला. एरिक लिंडक्विस्ट, रॉबर्ट ओस्टलिंग आणि डेव्हिड सेसारिनी या अर्थशास्त्रज्ञांनी लॉटरीत सहभागी झालेल्या तीन हजारांहून अधिक लोकांची उत्तरं मिळवली. बक्षीस लागून कुणाला ५ वर्षं झाली होती, कुणाला २२. हा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. मोठी रक्कम मिळालेले लोक आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी होते, आणि एका तपानंतरही हे समाधान विरल्याची खूण दिसत नव्हती. मग सवयीचा सिद्धान्त चुकला का? पुरता नाही. ‘एकंदर आयुष्याकडे पाहता किती समाधानी आहात’ या प्रश्नावर परिणाम स्पष्ट होता. ‘किती आनंदात असता’ या प्रश्नावर आणि मानसिक स्वास्थ्याच्या मोजमापावर तो बराच कमी होता. वाढलेलं समाधान मुख्यतः आयुष्याच्या कोणत्या कप्प्यातून आलं, हेही त्यांनी शोधलं. उत्तर होतं, आर्थिक बाबतीतली निश्चिंती.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. पैशाने आलेली नवी वस्तू काही दिवसांत भिंतीइतकी ओळखीची होते. पैशाने गेलेली काळजी मात्र रोज सकाळी नव्याने गेलेली असते, कारण ती एरवी रोज सकाळी नव्याने आली असती. आपल्याला सवय होते ती स्थिर गोष्टींची. जे रोज वेगळ्या रूपात टोचतं त्याची होत नाही. अलोइस स्टट्झर आणि ब्रुनो फ्रे यांनी जर्मनीतल्या घरोघरच्या पाहणीची आकडेवारी तपासून २००८मध्ये हेच दाखवलं. घरापासून कामापर्यंतचा प्रवास जितका लांब, तितके लोक कमी समाधानी, आणि मोठं घर किंवा जास्त पगार ही त्याची भरपाई पुरी करत नव्हते. बदलापूर किंवा विरारला एक खोली जास्त मिळते म्हणून गेलेल्यांना हे जर्मन आकड्यांतून कळायची गरज नाही. खोलीची सवय सहा महिन्यांत होते, ८.०५ची लोकल रोज नव्या तऱ्हेने छळते. जर्मनीतल्याच दीर्घकालीन पाहणीतून रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: लग्नाने चढलेला आनंदाचा आलेख सरासरीने काही वर्षांत पूर्वपदावर येतो, पण बेकारीने बसलेला धक्का पुन्हा नोकरी लागल्यावरही पुरता भरून निघत नाही. आनंदाची सवय लवकर होते, अभावाची उशिरा होते किंवा होतच नाही.

मग ‘सगळं मिळालं’ ही अवस्था येते कधी? इथे मेंदूविज्ञानाची थोडी मदत होते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन स्रवणाऱ्या पेशींची नोंद घेतली. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की त्या पेशी जोरात पेटत. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं की त्या दिव्यालाच पेटू लागत, आणि रस प्रत्यक्ष तोंडात पडताना गप्प राहत. दिवा लागूनही रस आला नाही तर नेहमीच्या पातळीच्याही खाली जात. थोडक्यात, ही यंत्रणा किती मिळालं हे मोजत नाही. अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं, तेवढंच मोजते. जे ठरल्याप्रमाणे मिळतं त्याची तिच्या लेखी नोंदच नाही. ज्याला सगळं हवं तसं, हव्या वेळी मिळतं, त्याच्यासाठी ही यंत्रणा जवळजवळ मुकी असते, आणि तिला पुन्हा बोलतं करायचं तर मागणी वाढवावी लागते. सुखाचं सगळं गणित या एका यंत्रणेत मावत नाही हे खरं. पण इच्छांची यादी पुरी का होत नाही, हे तिच्यावरून बऱ्यापैकी कळतं.

मराठी वाचकाला इथे ययाति आठवल्यावाचून राहणार नाही. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीने त्याला घरोघरी नेलं, पण इथे मला महाभारतातला ययाति हवा आहे. राज्य आहे, राण्या आहेत, आणि शुक्राचार्यांच्या शापाने आलेलं म्हातारपण मुलाच्या, पुरूच्या, गळ्यात घालून हजार वर्षांचं तारुण्यही मिळालेलं आहे. एवढं उपभोगून तो पुरूला तारुण्य परत करतो आणि भोगाने इच्छा शमत नाही असा निर्वाळा देतो. एका माणसाचा नमुना म्हणून संशोधक त्याची साक्ष ग्राह्य धरणार नाहीत, पण निष्कर्ष वरच्या पुराव्याशी जुळतो. मात्र हा निर्वाळा एका राजाचा आहे. त्याला उद्याच्या जेवणाची भ्रांत कधीच नव्हती. ज्यांना ती आहे त्यांना त्याची साक्ष लागू पडत नाही. या कथेत पुरूला किती सुख मिळालं, हे तर फारसं कुणी विचारतही नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. ‘इच्छा अपुऱ्याच राहतात, म्हणून आहे त्यात सुख माना’ हा उपदेश शतकानुशतकं ज्यांच्याकडे सगळं होतं त्यांनी ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांना केला, आणि पगारवाढ मागणाऱ्या कामगारालाही तोच ऐकवला गेला. आक्षेप रास्त आहे, आणि पुरावा आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने आहे. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१०मध्ये अमेरिकेत साधारण ७५ हजार डॉलर वार्षिक उत्पन्नानंतर रोजचा आनंद वाढत नाही असं म्हटलं होतं. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्या आकड्यांत असा थांबा सापडला नाही. मग कानेमन आणि किलिंग्जवर्थ हे दोघं प्रतिस्पर्धी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन एकत्र बसले (विद्वानांमध्ये हे दुर्मीळच), आणि २०२३मध्ये संयुक्त निष्कर्ष आला. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतच राहतो; फक्त सर्वांत दुःखी अशा सुमारे पाचव्या हिश्श्यातल्या लोकांच्या बाबतीत तो साधारण एक लाख डॉलरनंतर थबकतो. त्यांच्या दुःखाची कारणं बहुधा पैशाने मिटणारी नसावीत. तेव्हा पैसा निरुपयोगी आहे असं सांगणाऱ्याने हे आकडे वाचलेले नाहीत, एवढं म्हणायला हरकत नाही. अर्थात ही वाढ टक्क्यांच्या हिशेबाने चालते: वीस हजार कमावणाऱ्याला दुप्पट उत्पन्नाने जितका फरक पडतो, साधारण तितकाच फरक दोन लाख कमावणाऱ्याला पडायचा तर त्याला आणखी दोन लाख लागतात.

तेव्हा माझं उत्तर असं. अभाव दूर झाल्याने आलेलं सुख टिकतं, आणि ते मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अभावाच्या पलीकडच्या प्राप्तीने समाधानात भर पडते, पण ती दर पायरीला महाग होत जाते, आणि ‘सगळं’ या शेवटच्या पायरीवर कुणी पोहोचल्याचा पुरावा नाही. यादी लांबवण्यात आपल्या मनाइतकाच शेजाऱ्याचाही हात असतो. नेदरलँड्समध्ये पोस्टाच्या पिनकोडवर लॉटरी निघते, एका गल्लीतल्या तिकीटधारकांना बक्षीस लागतं, आणि त्याच गल्लीतले तिकीट न घेतलेले लोकही पुढच्या काही महिन्यांत नव्या गाड्या घेताना आढळले आहेत. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.