मैदानाची वही, भाग ६ : २१८ आणि २१७

तेल्हाऱ्यात कापसाची पहिली वेचणी घरात आली की संध्याकाळच्या चहावर कबड्डीचा विषय निघायला वेळ लागत नाही. सामने लागायला अजून अवकाश असतो. मैदानाची काळी माती भिजवून, दाबून तयार व्हायची असते. पण यंदा कोणत्या गावात कोणतं पोट्टं तयार झालं, ही बातमी हिवरखेड-अडगावच्या रस्त्यानं आधीच येऊन पोचलेली असते. बातमीचा साचाही ठरलेला. "पोट्टं तं भारी हाये." मग कपातला शेवटचा घोट, आणि, "पन मंग संघ काहून हारते?"

गेल्या आठवड्यात आपण कोपरारक्षक पाहिला. आज हा प्रश्न घेऊ. संघ हरतोय, त्यातला एक नवा चढाईपटू मात्र दर सामन्यात दहा-बारा गुण आणतोय. हा खरंच मोठा गडी आहे, की पडक्या वाड्यात एकच भिंत उभी राहिल्यामुळे उंच दिसतोय?

शीर्षकातले दोन आकडे एकाच माणसाचे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात यू मुम्बाकडून पहिल्यांदा उतरला. धिप्पाड देह, लांब हात, आणि तीन गडी अंगावर घेऊन मध्यरेषेकडे सरपटत येण्याची ताकद. पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे २१८ गुण मिळवले. संघ बाद फेरीपर्यंत गेला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. त्या वर्षीची ती सगळ्यात मोठी बोली होती. २०१९ च्या सातव्या हंगामात तिथं त्याचे चढाईचे गुण झाले २१७. एका गुणाचा फरक. आणि संघ? बारा संघांत अकरावा.

म्हणजे गडी तोच, गुण तेवढेच. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, यानं संघ तारला. दुसऱ्या वर्षी त्यातलेच काही म्हणाले, एवढे पैसे मोजून काय मिळालं? माझ्या मते दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि चूक एकच आहे. चढाईपटूच्या खात्यावरचे गुण हे त्याच्या एकट्याचे नसतात. कबड्डीचे नियमच तसे आहेत.

सामना ४० मिनिटांचा. चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. पूर्ण वेळ वापरला तर दोन्ही संघांच्या मिळून साधारण ८० चढाया होतात, एकेकाच्या वाट्याला ४०. म्हणजे आपल्या संघाची चढाई मोटामोटी मिनिटाला एक. तुमचा हुकमी चढाईपटू दहा मिनिटं बाहेर बसला, तर दहा चढाया दुसऱ्या कुणाला तरी कराव्या लागतात. म्हणून पहिला प्रश्न त्यानं किती गुण आणले हा नसून तो मैदानात किती वेळ होता हा आहे. आणि बाद झाल्यावर आत येणं त्याच्या हातात नसतं. ते मागच्या सहा जणांच्या हातात असतं.

इथं एक बारकावा आहे, जो टीव्हीवर सामने बघणारेही पुष्कळदा विसरतात. गडी मारला किंवा पकड केली तर आपला एक गडी उठतो. बोनसनं कुणी उठत नाही. आणि उठायचं ते ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं. समजा, दोन बचावपटू आधी बाद झाले आणि तिसरा आपला हिरो. आता त्याला आत यायला संघानं तीन गडी टिपायला हवेत. चांगल्या बचावाच्या संघात हे दोन-तीन मिनिटांत होऊन जातं. यू मुम्बाचा त्या वेळचा कर्णधार फझल अत्राचली, इराणचा डावा कोपरारक्षक. त्याच्यासारखा माणूस मागे असेल तर चढाईपटूनं टॉवेलनं घाम पुसून घेईपर्यंत त्याला आत बोलावणं येतं. दुबळ्या संघात दुसरा चढाईपटू भीतभीत बोनस आणतो, फलकावर गुण दिसतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि हिरो बाहेरच.

मग तो आत येतो कधी? लोण चढल्यावर. सगळे सात बाद झाले, समोरच्याला वरचे दोन गुण मिळाले, की सातही जण पुन्हा उभे. हरणाऱ्या संघातला चांगला चढाईपटू कित्येकदा असा, संघाच्या अपमानातून मैदानात परततो. मला स्वतःला या खेळातली ही सगळ्यात क्रूर गोष्ट वाटते.

आता उलट बाजू, कारण या मुलांची फार दया करून चालत नाही. हरणाऱ्या संघात खेळण्याचे फायदेही असतात, आणि ते आकड्यांत लपतात. पहिला फायदा, दुसरं कुणी नसतंच. चढाया सगळ्या त्याच्याच, मग गुणही वाढणारच. दुसरा फायदा बोनसचा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस रेषा खुली असते. आघाडीवरच्या संघाचे सातही गडी बहुतेक वेळ उभे असतात, म्हणजे आपल्या पोट्ट्यासाठी ती रेषा जवळजवळ कायम खुली. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. एक पाय तिच्या पलीकडे टेकवायचा, दुसरा हवेत ठेवायचा, आणि मागे फिरायचं. कसब आहेच, पण त्यानं समोरचा एकही गडी कमी होत नाही. तिसरा फायदा शेवटच्या पाच मिनिटांचा. पंधरा गुणांनी पुढं असलेला संघ अंगावर येत नाही. घे बाबा बोनस आणि जा, असं त्यांचं चाललेलं असतं. ते गुणही बेरजेत जातात.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बाजारात गोऱ्हा नुसता चालवून बघणारा एक असतो आणि जुवाला लावून बघणारा दुसरा. दुसऱ्यालाही कळत नाही एक गोष्ट, की तास वाकडं गेलं ते याच्यामुळे की शेजारच्यामुळे. त्यासाठी जोडी बदलून पाहावी लागते.

जोडी बदलून पाहण्याचं अलीकडचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण दुसऱ्याच खेळातलं आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' नावाची जागा असते. चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीतून वाट काढत जितकं अंतर पळता येईल तितकं पळायचं, हे त्याचं काम. आपला चढाईपटू आत शिरून घरी येतो. हा घर सोडून पुढं पुढं जातो, पण अंगावर येणाऱ्यांना चुकवणं तेच. सॅक्वॉन बार्कली २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून पहिला हंगाम खेळला. त्यानं पळून १,३०७ यार्ड काढले, वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि संघ १६ पैकी ११ सामने हरला. पुढं दुखापती झाल्या. २०२३ मध्ये, जायंट्सकडच्या शेवटच्या हंगामात, त्याची सरासरी दर धावेला ३.९ यार्ड होती. संपला, असं म्हणणारे बरेच होते. २०२४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. तिथं त्याच्यापुढे वाट मोकळी करून देणारी फळी मजबूत होती. सरासरी ५.८ झाली, एकूण २,००५ यार्ड, आणि संघानं अजिंक्यपदही जिंकलं. एका वर्षात पाय बदलले नव्हते.

पण आपल्या तालुक्यातल्या पोराची जोडी बदलून पाहायला लिलाव नाही. म्हणून आहे त्या संघातच, सामना चालू असताना, पारख करावी लागते.

समजा, अशा एका मुलानं सामन्यात १४ गुण आणले आणि संघ मोठ्या फरकानं हरला. मी वहीत चौदाचे तुकडे करीन. त्यातले बोनस किती? समजा सहा. राहिले आठ. त्या आठांतले किती समोर सहा-सात जण असताना आणि किती समोर दोन-तीनच उरले असताना? तीन किंवा कमी बचावपटू उरले की चित्र पालटतं. एकीकडे लोणाची लालूच, दुसरीकडे पकडला गेलास तर अव्वल पकड, म्हणजे समोरच्याला एकाऐवजी दोन गुण. नवखा मुलगा इथंच फसतो; त्याला संपवून टाकायची घाई असते. इथं जो शांतपणे एक बोट लावून परत येतो, त्याच्या नावापुढं मी खूण करतो. मग तिसरी चढाई. ओळीनं दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. हरणाऱ्या संघाची कोरी चढाई बऱ्याचदा दुसऱ्याची असते आणि तिसरी या पोराच्या गळ्यात पडते. समोर सात जण, त्यांना ठाऊक की हा आता येणारच. अशा दहा चढायांत त्यानं तीन जिंकल्या तरी मी त्याला नापास करणार नाही. पुढं असलेल्या संघाचा गडी मोकळेपणी चढाया करून दहापैकी सहा जिंकतो, त्याच्याशी ही तुलना होऊच शकत नाही.

आणि तो पकडला कसा जातो ते पाहायचं. दर वेळी डाव्या कोपऱ्यावर घोट्यातच धरला जात असेल, तर त्याची वाट एकच आहे आणि ती सगळ्यांना कळली आहे. गावच्या स्पर्धेत हे झाकून राहतं, कारण तोच संघ वर्षात दुसऱ्यांदा समोर येत नाही. प्रो कबड्डीत प्रत्येक चढाईचं चित्रण समोरचा प्रशिक्षक आदल्या रात्री पाहून येतो. पहिल्या हंगामापेक्षा दुसरा अवघड जातो तो यामुळे. सिद्धार्थच्या दुसऱ्या वर्षीच्या २१७ ची किंमत मी म्हणूनच पहिल्या २१८ पेक्षा जास्त धरतो. लोकांनी त्याला पाहिलेलं होतं, संघ पडत होता, तरी आकडा हलला नाही. शरीरानं मात्र हिशेब चुकता केला. आठव्या हंगामात तो तीनच सामन्यांनंतर दुखापतीनं बाहेर पडला आणि टायटन्सनी २२ सामन्यांत एकच विजय पाहिला. एकट्या खांद्यावर किती लादायचं, हे बाहेरच्यांनी ठरवून चालत नाही.

त्याच आठव्या हंगामात, २०२१-२२ मध्ये, दुसरीकडे उलटं घडत होतं. पुणेरी पलटणची सुरुवात वाईट झाली. राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावं चालत नव्हती. प्रशिक्षक अनुप कुमारनं नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारला आणि हरियाणाच्या मोहित गोयतला पुढं केलं. दोघंही नवे. पण दोघं होते, हे महत्त्वाचं. एक बाद झाला तर दुसरा गडी टिपून त्याला उठवत होता. तळाकडचा संघ बाद फेरीत पोचला. पुढच्या हंगामात अंतिम सामना गाठला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सना २८-२५ नं हरवून पलटणनं पहिल्यांदा विजेतेपद घेतलं तेव्हा अस्लम कर्णधार होता आणि हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडूही. अस्लमची चढाई दिसायला सिद्धार्थसारखी दणकेबाज नाही. तो फार कमी वेळा मूर्खासारखा पकडला जातो, एवढंच. तळाकडच्या संघात हा गुण सोन्याचा असतो, आणि टाळ्या त्याला सगळ्यात कमी मिळतात.

आपल्याकडच्या पोरांची अडचण याहून साधी आहे. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, म्हणजे तेल्हाऱ्याच्या मुलाची वाट विदर्भातून जाते. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवणारी मंडळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची होती, हे आपण अभिमानानं सांगतो. आज विदर्भाची गाठ हरियाणा, रेल्वे, सेनादलाशी पडली की काय होतं, ते सांगताना आवाज बारीक होतो. गटातले दोन-तीन सामने, तेही बहुधा हरलेले, एवढ्यावरच मुलगा पाहिला जातो. मातीवर अनवाणी वाढलेला, मॅटवर बूट घालून वळताना पहिला अर्धा सामना अडखळणारा. निवडणाऱ्यानं फक्त बेरीज पाहिली तर तो गेलाच.

म्हणून माझी एक सवय सांगतो. बाद झाल्यावर तो काय करतो ते मी बघतो. तेल्हाऱ्याकडच्या सामन्यांत बाद गड्यांना खुर्च्या नसतात; ते मैदानाच्या कडेला मातीत ओळीनं बसतात, ज्या क्रमानं उठायचं त्या क्रमानं. काही पोरं तोंडावर रुमाल टाकून बसतात. काही प्रेक्षकांतल्या मित्रांकडे पाहून हसतात. आणि एखादा गुडघ्यावर उभा राहून, घसा बसेपर्यंत, आतल्या आपल्याहून कच्च्या पोरांना ओरडून सांगत असतो, "थांब ना बे, जाऊ नको अंगावर! दम जाऊ दे त्याचा, मंग धर!"

त्याच्या खाली मी दुहेरी रेघ मारतो. गुण नंतर मोजतो.

(पुढच्या आठवड्यात : मातीवरून मॅटवर, आणि बुटांचा प्रश्न)