चोवीस तंतूंचा सांधा

केबल कट झाली, एवढं फोनवर कळतं. कुठं झाली ते शोधायला ती जोडणाऱ्या जॉइंटरला तालुक्याच्या एक्स्चेंजपासून सुरुवात करावी लागते. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातल्या ग्रामपंचायतींना इंटरनेट नेणारी केबल तुटली, तेव्हा अशा एका जॉइंटरसोबत मी होतो. ओटीडीआर नावाचं यंत्र केबलमधल्या काचेच्या तंतूतून प्रकाशाचा स्पंद सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तुटीचं अंतर सांगतं. पण ते अंतर काचेचं असतं, रस्त्याचं नव्हे. प्रत्येक सांध्याच्या खड्ड्यात केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात. ती वजा करत, मार्गाचे दगड शोधत जायचं. रस्ता रुंदीकरणात त्यातले बरेच दगड उखडले गेलेत.

जेसीबीनं केबल तोडली होती आणि टोकं मुरुमाखाली दाबून मशीन पुढं गेलं होतं. "मामा, जरा हळू मारा, टिकाव लागंल," जॉइंटर मजुराला म्हणाला. काळी केबल वर आली तेव्हा तिचं तोंड चिखलानं भरलेलं होतं. ओढलेल्या केबलचे तंतू आतपर्यंत ताणले जातात, म्हणून दोन्ही बाजूंचा काही भाग कापूनच टाकावा लागतो. मग टोकं एकमेकांना पोचत नाहीत. मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे एका तुटीचे दोन सांधे, आणि २४ तंतूंचे ४८ जोड.

हे काम उघड्यावर होत नाही. धुळीचा एक कणही जोड बिघडवतो. गाडीची दारं लावून, मांडीवर फळी घेऊन जॉइंटर बसला. आधी केबलमधली चिकट जेली पुसून काढली. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी असे रंग क्रमानं लावले, कारण निळ्याला निळाच जोडायचा. तंतूवर आधी बारीक नळी सरकवायची. ती राहिली तर झालेला जोड पुन्हा कापावा लागतो. मग रंगाचं आवरण सोलायचं, काच अल्कोहोलनं पुसायची, क्लीव्हरवर टोक सरळ तोडायचं. ही काच १२५ मायक्रॉन जाडीची, आणि प्रकाश धावतो तो तिच्या मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. स्प्लायसिंग मशीनच्या पडद्यावर दोन टोकं मोठी होऊन समोरासमोर येतात, ठिणगी पडते, काच वितळून एक होते. "लॉस किती?" मी विचारलं, म्हणजे जोडात किती प्रकाश वाया गेला. "शून्य पॉइंट शून्य दोन." तेवढ्यावर तो समाधानी होता. एका जोडाला जास्त आला, तर त्यानं काही न बोलता तो तोडून पुन्हा केला. पैसे सांध्यामागे मिळतात, पुन्हा केलेल्या जोडाचे वेगळे मिळत नाहीत.

माझा राग त्या काचेवर नाही. ती कोणत्याही शहरातल्या काचेइतकीच वेगवान आहे. ही केबल ज्या योजनेतली, ती ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींसाठी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्या एक लाखाचा टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. केबल पोचली की पंचायत जोडली गेली, असा हिशेब मांडला गेला, राग आहे तो त्याचा. पण पहिल्या टप्प्यातली जोडणी तालुक्यापासून झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली. एका ठिकाणी तुटली की त्यापुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात वलयाकार जाळं आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून पुरवठा चालू राहावा. निर्णय योग्य आहे. मात्र वलयाच्या दोन्ही बाजू खणल्या जाणाऱ्या रस्त्यांच्याच कडेनं गेल्या, तर त्याचा उपयोग अर्धाच.

खणण्याआधी कळवण्यासाठी केंद्राचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ पासून आहे. त्या जेसीबीवाल्यानं त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्याला कुणी सांगायचं होतं? ठेकेदाराला कामाच्या आदेशातच आधी कळवण्याची अट घातली, आणि केबल तोडल्याचा खर्च बिलातून कापला, तर हा प्रश्न पुष्कळ कमी होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण तुटीचं मोल गावात मोजलं जातं. पंचायतीतल्या सेवा केंद्रात दाखला अडतो, सातबारा निघत नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी बाया मोबाइल घेऊन रेंज मिळेल त्या टेकाडावर जात, ओटीपी येईपर्यंत उन्हात थांबत आणि तो आला की वेळ संपलेली असे. मजुरी बुडवून पुन्हा दुसऱ्या दिवशी यावं लागे. शहरात जे काम घरबसल्या होतं, त्यासाठी इथं रोजगाराचे दिवस जातात.

येत्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या महिन्यात पंचायतीतली जोडणी किती दिवस चालू होती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि दर महिन्याला पुन्हा विचारा.