साच्यांचें गणित आणि त्याचा अभ्यास

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत विडी वळणाऱ्या घरीं पत्र्याचा एक लहानसा तुकडा असतो. तेंदूच्या पानावर तो ठेवून कडेनें कात्री फिरविली कीं सारीं पानें एकाच मापाचीं निघतात. सी प्लस प्लस या संगणकभाषेंतील ‘टेम्प्लेट’ म्हणजे असाच साचा होय. साचा एकदां लिहावा. पूर्णांकांसाठीं, दशांशांसाठीं, अक्षरांसाठीं निरनिराळा मजकूर त्यांतून कंपायलर स्वतःच कापून काढतो.

१९९४ सालीं एर्विन उनरुह यांनीं एक चमत्कारिक प्रोग्राम दाखविला. तो चालण्याजोगा नव्हताच. परंतु कंपायलरनें दिलेल्या चुकांच्या यादींत मूळसंख्या क्रमानें उमटत होत्या! साच्यांच्या द्वारें कंपायलरकडूनच गणित करवून घेण्याच्या या विद्येस ‘टेम्प्लेट मेटाप्रोग्रामिंग’ म्हणतात.

हिचा उपयोग काय, असें कोणी पालक विचारतील. १९९९ सालीं मंगळाकडे गेलेलें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान नष्ट झालें. एका बाजूची मापें पौंडांत होतीं व दुसरी बाजू तीं न्यूटनांत समजत होती. एकाच प्रोग्रामांत अशी गल्लत झाली, तर मापांचे साचे ती प्रोग्राम चालण्यापूर्वींच पकडूं शकतात.

या विद्येचे ग्रंथसंच ‘बूस्ट’ या संग्रहांत विनामूल्य मिळतात. परंतु विद्यार्थी बहुधा त्यांची वर्णानुक्रमाची सूची उघडतो आणि निराश होतो. मोल्सवर्थचा कोश पाठ करून कोणास मराठी बोलतां आली आहे काय? अभ्यासास उदाहरणें हवींत. तीं कोठें शोधावीं, तें सांगतों.

प्रथम भाषेचा पाया पक्का करावा. मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमांत सी प्लस प्लसचे प्राथमिक पाठ मराठींतही आहेत. नंतर ‘एम. पी. एल.’ या संचाची शिकवणी वाचावी. तींत वर सांगितलेल्या मापांचेंच उदाहरण पायरीपायरीनें सोडविलें आहे. अब्राहम्स व गुर्तोवॉय यांचा २००४ सालचा ग्रंथ तिचा सोबती होय. २०११ नंतर भाषा सुधारल्यामुळें नव्या कामास ‘एम. पी. इलेव्हन’ अधिक सुटसुटीत पडतो. प्रत्येक संचाच्या पोटांत ‘टेस्ट’ नांवाचा कप्पा असतो. त्यांतील छोट्या परीक्षा म्हणजे सोडविलेलीं उदाहरणेंच. त्यांकडे मात्र थोडेच वळतात.

आतां एक प्रयोग. पांचाचा क्रमगुणाकार काढणारा साचा लिहा: प्रत्येक संख्येनें आपल्याहून एकानें लहान संख्येचें उत्तर घ्यावें व स्वतःनें गुणावें, शून्याचें उत्तर एक. ‘स्टॅटिक असर्ट’नें १२० हें उत्तर ताडून पाहा. मग शून्याचा नियम मुद्दाम खोडा. कंपायलर खालीं खालीं उतरत जाईल आणि ‘जी. सी. सी.’ असल्यास ९०० पायऱ्यांवर थांबून तक्रार करील. ती लांबलचक तक्रार पाहून घाबरूं नका. पहिली चूक वाचा, ती सुधारा, पुन्हां चालवा.

कामठ्यासारख्या गांवीं या विषयाचा जाणता गुरु शेजारीं मिळेलच असें नाहीं. परंतु कंपायलर हा असा परीक्षक आहे कीं तो शहर-खेडें पाहत नाहीं, शंभरदां चुकल्यास रागावत नाहीं, आणि चुकीचें उत्तर एकदांही बरोबर म्हणत नाहीं. रोज एक उदाहरण स्वतःच्या हातानें लिहावें. साचा हातीं बसेल.